टोकियोत मोजलेले, भारतात वापरलेले : ‘रेंज’च्या नकाशाचा इतिहास

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०२४ साली सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम केले. त्यांनुसार देशातील मोबाईल कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळांवर सेवाव्याप्तीचे नकाशे प्रसिद्ध करावे लागतात. आपले गाव रंगीत भागात आले तर तेथे रेंज आहे, कोरे राहिले तर नाही, असा या नकाशांचा सरळ अर्थ. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र येथे क्षणभर थांबून विचारावे की, हा रंग भरला कोणी आणि कशाच्या आधारे? देशातल्या प्रत्येक शेतात, पाड्यावर आणि दरीत जाऊन कोणी सिग्नल मोजलेला नाही. ते शक्यही नाही. असे नकाशे मुख्यतः गणिताने काढले जातात. टॉवरचे स्थान, अँटेनाची उंची, प्रक्षेपणाची शक्ती, वारंवारता आणि भोवतालच्या जमिनीची उंची ही माहिती संगणकाला दिली जाते. एखादे सूत्र प्रत्येक ठिकाणी सिग्नल किती उरेल हे सांगते. काही मार्गांवर प्रत्यक्ष मोजमाप करून त्या अंदाजाची पडताळणी होते.

या गणिताचा इतिहास पाहिला की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. सूत्र कितीही सार्वत्रिक दिसत असले, तरी ते ज्या जमिनीवर मोजून तयार झाले, ती जमीन त्याच्या आकड्यांत वस्तीला असते. भारताला हा धडा हळूहळू शिकावा लागला.

आरंभ सर्वांत सोप्या प्रकरणापासून करू. मध्ये काहीच नाही, केवळ मोकळे अवकाश आहे, अशा दोन अँटेनांमधील शक्तीचा हिशेब हॅराल्ड फ्रिस यांनी १९४६ साली एका छोट्या लेखात मांडला. फ्रिस मूळचे डेन्मार्कचे. काम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत करीत. अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती चौथ्या हिश्शावर येते, हे त्या सूत्राचे सार. ही घट डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबल घट म्हणजे शक्ती दहाव्या हिश्शावर, २० डेसिबल म्हणजे शंभराव्या हिश्शावर. ३ डेसिबल म्हणजे जवळजवळ निम्मी. ९०० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या सिग्नलला मोकळ्या अवकाशात १० किलोमीटर जाताना सुमारे ११२ डेसिबल घट सोसावी लागते. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याची तुलना करायची आहे.

पण पृथ्वीवर मोकळे अवकाश कोठे आहे? मध्ये टेकडी आली तर काय होते, या प्रश्नाचे मूळ रेडिओच्याही आधीचे आहे. ऑगुस्तँ फ्रेनेल यांनी १८१८ साली प्रकाशाच्या विवर्तनावर पॅरिसच्या विज्ञान अकादमीला निबंध सादर केला. तरंग अडथळ्याच्या कडेवरून वळतो आणि सावलीतही थोडा उजेड पोहोचवतो, याचे गणित त्यात होते. १८९६ साली आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी धारदार कडेवरील विवर्तनाचा प्रश्न मॅक्सवेलच्या समीकरणांपासून काटेकोरपणे सोडवला. रेडिओ अभियंत्यांना हे गणित आयतेच मिळाले. टेकडीचा माथा म्हणजे जणू सुरीची धार, असे मानले की सावलीतील सिग्नल काढता येतो. दोन अँटेनांना जोडणारी सरळ रेषा माथ्याला नुसती टेकत असेल, तरी ६ डेसिबल घट होते, म्हणजे शक्ती चौथ्या हिश्शावर येते. डोळ्यांना समोरचा टॉवर दिसतो, पण सिग्नल अशक्त असतो, याचे एक कारण हेच. रेडिओ तरंगाला केवळ रेषा पुरत नाही. त्या रेषेभोवती लंबगोल आकाराची मोकळी जागा लागते. तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात.

१९३३ साली बेल प्रयोगशाळेतील शेलेंग, बरोज आणि फेरेल यांनी आणखी एक सोय करून दिली. हवा वर विरळ होत जाते, त्यामुळे तरंग किंचित खाली वाकतो आणि क्षितिजापलीकडे थोडा जातो. हे वाकणे प्रत्येक वेळी मोजण्याऐवजी पृथ्वीची त्रिज्या चार-तृतीयांश पट मोठी धरावी आणि तरंग सरळ जातो असे मानावे, ही त्यांची युक्ती. पुढे केनेथ बुलिंग्टन यांनी १९४७ साली हे सारे आलेखांच्या रूपात मांडले. अभियंता कंटूर नकाशावरून दोन ठिकाणांमधील जमिनीचा उभा छेद काढी, पट्टी ठेवून अडथळे पाही आणि आलेखातून घट वाचून घेई. एकाहून अधिक टेकड्या आल्या तर काय करावे, याच्या पद्धतीही हळूहळू ठरत गेल्या.

येथपर्यंत भौतिकशास्त्र पुढे होते आणि मोजमाप मागे. १९६८ साली मात्र दोन वेगळ्या वाटा एकाच वेळी ठळक झाल्या.

पहिली वाट अमेरिकेतील बोल्डरची. तेथील अनिता लाँगली आणि फिल राइस यांनी खडबडीत भूभागावरील घट काढण्याची संगणकीय पद्धत प्रसिद्ध केली. तिचा गाभा भौतिकशास्त्राचा होता, पण तिला जमिनीच्या चढउताराचा एक आकडा लागे. प्रदेशातील सर्वांत उंच आणि सर्वांत खोल दहा-दहा टक्के भाग वगळून उरलेल्या उंचींमधील फरक, असा तो आकडा. मैदानासाठी सुमारे ३० मीटर, टेकड्यांसाठी ९० मीटर, डोंगरांसाठी २०० मीटर, असे त्याचे ठोकताळे. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणापासून अनेक कामांसाठी ही पद्धत आजही वापरली जाते.

दुसरी वाट टोकियोची. योशिहिसा ओकुमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीत संग्राहक ठेवून टोकियो आणि परिसरात वेगवेगळ्या वारंवारतांवर, वेगवेगळ्या उंचीच्या अँटेनांपासून सिग्नल मोजला. भूमीचे त्यांनी शहर, उपनगर आणि मोकळा प्रदेश असे वर्ग केले आणि निष्कर्ष आलेखांत मांडले. येथे प्रत्येक इमारतीचे विवर्तन सोडवण्याचा प्रयत्न नव्हता. प्रत्यक्ष जे मिळाले त्याचे मध्यक मूल्य नोंदवलेले होते. १९८० साली मासाहारू हाता यांनी या आलेखांना बीजगणिती सूत्रात बसवले. वारंवारता, टॉवरच्या अँटेनाची उंची, मोबाईलची उंची आणि अंतर, एवढ्या चार राशी दिल्या की साध्या गणकयंत्रावरही उत्तर मिळे. त्याच सुमारास जगभर मोबाईल सेवा उभ्या राहू लागल्या होत्या आणि अभियंत्यांना अशाच सूत्राची गरज होती. हाता यांनी सूत्राच्या मर्यादाही स्पष्ट लिहिल्या होत्या : वारंवारता १५० ते १५०० मेगाहर्ट्‌झ, अंतर १ ते २० किलोमीटर, टॉवरच्या अँटेनाची उंची ३० ते २०० मीटर. सूत्र जगभर गेले. मर्यादांकडे लक्ष देणे मात्र वापरणाऱ्यावर राहिले.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवर संवाद साधला आणि देशात मोबाईल युग सुरू झाले. ते जाळे ९०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालणारे होते, म्हणजे हाता यांच्या सूत्राच्या अगदी मध्यावर. मग प्रश्न आला वर्गाचा. उत्तर प्रदेशातील एखादे गाव ओकुमुरांच्या कोणत्या वर्गात बसते? मध्ये एकमेकांना खेटून असलेली घरे आणि अरुंद गल्ल्या, बाहेर आमराई, त्यापलीकडे मैलोगणती सपाट शेते, आणि उसाच्या हंगामात तीच शेते माणसाहून उंच. हे टोकियोचे शहर नव्हे, उपनगर नव्हे आणि पूर्ण मोकळा प्रदेशही नव्हे.

वर्ग चुकला तर किती चुकते, याचा हिशेब कोणताही विद्यार्थी स्वतः करू शकेल. ९०० मेगाहर्ट्‌झ, टॉवरची अँटेना ३० मीटरवर, मोबाईल दीड मीटरवर आणि अंतर १० किलोमीटर, हे आकडे हाता यांच्या सूत्रात घालावेत. शहरासाठी घट येते सुमारे १६२ डेसिबल. मोकळ्या प्रदेशासाठी सुमारे १३३. मोकळ्या अवकाशाचा आपला मूळ आकडा होता ११२. म्हणजे एकाच सूत्राच्या दोन वर्गांत साडेअठ्ठावीस डेसिबलचे, शक्तीच्या भाषेत सुमारे सातशे पटींचे, अंतर आहे. याच सूत्रानुसार अंतर दसपट झाल्यावर घट सुमारे ३५ डेसिबलने वाढते. तेव्हा साडेअठ्ठावीस डेसिबल म्हणजे टॉवरच्या पल्ल्यात सहा पटींहून अधिक फरक. एवढी ढोबळ चूक कोणी करणार नाही, असे धरू. पण केवळ ६ डेसिबलची चूकही पल्ला जवळजवळ दीडपट बदलते, आणि क्षेत्र दुपटीहून अधिक. सूत्राने घट ६ डेसिबलने कमी सांगितली, तर जेथे एक टॉवर पुरेल असे कागदावर दिसते तेथे दोन लागतात. उरलेल्या निम्म्या प्रदेशात नकाशा रंगीत असतो आणि फोन मुका.

सूत्रातील परकी जमीन तपासून पाहण्याचे काम भारतात झाले. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ए. पी. मित्रा यांनी नावारूपाला आणलेला रेडिओ विज्ञान विभाग होता. तेथील संशोधकांनी रेल्वेगाड्यांमध्ये संग्राहक ठेवून देशाच्या निरनिराळ्या भागांतील लोहमार्गांवर सिग्नल मोजला आणि हाता यांच्या सूत्रासह अनेक पद्धतींच्या अंदाजांशी त्याची तुलना केली. रेल्वेमार्ग हा अशा कामासाठी उत्तम : मैदान, टेकड्या, गावे, जंगल हे सारे एका सरळ ओळीत येते आणि गाडीचे स्थान अचूक ठाऊक असते. या तुलनांतून दिसले ते असे की, एकच सूत्र सर्वत्र सारखे चुकत नाही. प्रदेशागणिक चूक बदलते. म्हणून स्थानिक मोजमापांनी सूत्रातील स्थिरांक दुरुस्त करून घेणे अपरिहार्य ठरते. आज मोबाईल कंपन्या मोजणीच्या गाड्या रस्त्यांवर फिरवतात, त्यामागचे तत्त्व हेच.

हवेचे प्रकरणही वेगळे नाही. चार-तृतीयांश पृथ्वीचा ठोकताळा ही एका सरासरी हवामानाची भाषा आहे. भारताच्या किनाऱ्यांवर, विशेषतः उन्हाळ्यात, समुद्रावरील दमट थर आणि त्यावरील उष्ण कोरडी हवा मिळून तरंगाला जणू नळीत कोंडतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या किनाऱ्यावरील दीड मीटर तरंगलांबीच्या रडारवर दीड हजार किलोमीटरांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटले होते. जमिनीच्या हिशेबाने अशक्य वाटणारी ही गोष्ट हवेने शक्य केली होती. असा दूरवरून येणारा सिग्नल नेहमीच वरदान नसतो. तो जवळच्या सिग्नलमध्ये गोंधळ माजवतो. याउलट, तरंग पुरेसा न वाकता वर निसटून जातो अशाही वेळा येतात, आणि बांधलेला दुवा तुटतो.

आता जमिनीच्या उंचीकडे येऊ. विवर्तनाचे गणित करायचे तर उंची हवी. भारतात तिचा पाया लँबटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ मोजलेल्या आधाररेषेपासून सुरू झालेल्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात आहे. पुढे सर्व्हे ऑफ इंडियाचे कंटूर नकाशे हाच अनेक दशके अभियंत्यांचा आधार होता. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला दुसरी अँटेना लावून अकरा दिवसांत पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के भूपृष्ठाची उंची रडारने टिपली. ५ मे २००५ रोजी प्रक्षेपित झालेल्या इस्रोच्या कार्टोसॅट-१ ने दोन कॅमेऱ्यांनी, वेगवेगळ्या कोनांतून, जमिनीची छायाचित्रे घेऊन भारताचे स्वतःचे उंची-प्रतिमान शक्य केले. ते आज ‘भुवन’वर उपलब्ध आहे.

पण येथेही सावध राहावे लागते. एंडेव्हरच्या रडारची तरंगलांबी ५.६ सेंटिमीटर होती. असा तरंग दाट झाडीत खोल शिरत नाही; त्यामुळे जंगलात मिळते ती उंची मातीची नसून बरीचशी शेंड्यांकडची असते. छायाचित्रांतही दिसतो तो माथाच. संगणक अशा जंगलाला भरीव टेकडी समजतो. प्रत्यक्षात जंगल हा वेगळ्या प्रकारचा अडथळा : तरंग त्याच्या कडेवरून वळतो, पानाफांद्यांतून थोडा गाळला जातो, आणि पाने ओली असतील तर अधिक शोषला जातो. झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडील राज्यांत हा फरक दुर्लक्षून चालत नाही.

सपाट जमीनही वाटते तेवढी सोपी नसते. या शतकाच्या आरंभी कानपूरच्या आयआयटीने ‘डिजिटल गँजेटिक प्लेन’ या प्रकल्पात गंगेच्या मैदानातील गावे साध्या वायफाय उपकरणांनी, लांब पल्ल्याच्या दुव्यांवर जोडून पाहिली. असा ३० किलोमीटरांचा दुवा कल्पून हिशेब करू. एकही टेकडी नसताना पृथ्वीचा फुगवटा मध्यावर सुमारे १३ मीटर भरतो. २.४ गिगाहर्ट्‌झवर फ्रेनेल क्षेत्राची मध्यावरील त्रिज्या सुमारे ३१ मीटर. तिचा साठ टक्के भाग तरी मोकळा हवा, म्हणजे आणखी १८ मीटर. त्यात दहा मीटर उंचीची झाडे मिळवली की दोन्ही टोकांना ४० मीटरांहून उंच टॉवर लागतो. वायफायचे यंत्र स्वस्त, पण त्याला झाडांवर उचलून धरणारे लोखंड महाग, हे ग्रामीण जाळ्यांचे मूळ अर्थशास्त्र या दोन ओळींच्या भूमितीत आहे.

या इतिहासातील अलीकडचे प्रकरण आंतरराष्ट्रीय मानकांचे. पाचव्या पिढीच्या तंत्रज्ञानाची परीक्षा घेण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने, आयटीयूने, काही नमुना परिस्थिती ठरवल्या. ‘ग्रामीण’ परिस्थितीत दोन टॉवरमधले अंतर होते १,७३२ मीटर. (षट्‌कोनाची त्रिज्या १००० मीटर धरली की शेजारच्या केंद्रांमधील अंतर तिच्या √३ पट येते, या विचित्र आकड्याचे रहस्य एवढेच.) भारतात दर पावणेदोन किलोमीटरवर टॉवर असलेले खेडे कोठून आणायचे? भारताने, ‘टीएसडीएसआय’ या मानकसंस्थेच्या द्वारे, मागणी केली ती ६ किलोमीटर अंतराच्या मोठ्या क्षेत्राची. युक्तिवाद जमिनीवरचा होता. ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेले जात आहे. टॉवर तेथे उभा राहील. भोवतालच्या वाड्या-वस्त्यांना त्यानेच सांभाळले पाहिजे. आणि वापरणारे बहुतेक लोक पायी चालणारे वा घरात बसलेले असतील, महामार्गावरून धावणारे नव्हेत. ६ किलोमीटर अंतर म्हणजे एका टॉवरच्या वाट्याला बारा पट क्षेत्र. २०१७ साली ही परिस्थिती आयटीयूच्या मूल्यमापनात समाविष्ट झाली.

त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी मानकांतील ग्रामीण सूत्राचा माग काढला. टॉवर थेट दिसत नसतानाच्या सूत्राची मुळे त्यांना टोकियोतील शहरी मोजमापांपर्यंत पोहोचलेली आढळली. ओकुमुरांच्या गाडीनंतर अर्धशतक उलटले होते. तरीही जगातील खेड्यांचे सूत्र त्याच महानगराच्या रस्त्यांवरून येत होते.

मोठ्या क्षेत्रात खरी अडचण टॉवरची नसते, फोनची असते. टॉवर काही दहा वॅट शक्तीने बोलू शकतो. खिशातला फोन सुमारे ०.२ वॅटने. गावाच्या कडेला टॉवरचा आवाज फोनपर्यंत येतो, पण फोनचा टॉवरपर्यंत पोहोचत नाही. टीएसडीएसआयच्या ‘५जीआय’ या मानकात आयआयटी हैदराबाद आणि सहकारी संस्थांनी फोनच्या सिग्नलचा आकार असा घडवला की, त्याच प्रवर्धकातून अधिक शक्ती काढता यावी. हे मानक आयटीयूने स्वीकारले आणि पुढे ते स्वतंत्र न राहता ‘थ्रीजीपीपी’च्या सामाईक जागतिक मानकात सामावले गेले. वेगळे भारतीय मानक हवे होते की नको, यावर देशात मतभेद होते. परंतु विरळ टॉवरचे खेडे हीही एक कायदेशीर परीक्षा आहे, हे जगाच्या कागदावर आले, ही गोष्ट टिकाऊ आहे.

या साऱ्याचे मोल कोणाला? जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सेवेपासून वंचित असलेल्या २४,६८० गावांत ४जी पोहोचवण्याच्या २६,३१६ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. अशी गावे प्रामुख्याने दुर्गम, डोंगराळ आणि वनाच्छादित असतात. म्हणजे नेमकी तीच, जेथे शहरात जन्मलेली सूत्रे सर्वांत कमी विश्वासार्ह ठरतात. एखादे गाव केवळ गणिताच्या आधारे ‘व्याप्त’ ठरले, तर त्याला यादीत जागा मिळत नाही. १०८ क्रमांकाला फोन लावायला माणसाला टेकडीवर चढावे लागत असेल, तर त्या ६ डेसिबलची किंमत तो माणूस चुकवत असतो.

सूत्रे टाकून द्यावीत, असा याचा अर्थ मुळीच नाही. ओकुमुरा आणि हाता, लाँगली आणि राइस यांनी आपापली जमीन प्रामाणिकपणे मोजली आणि मर्यादा लिहून ठेवल्या. आपल्यावरचे कर्ज एवढेच की आपणही आपली जमीन तितक्याच प्रामाणिकपणे मोजावी. आणि हे काम केवळ प्रयोगशाळांचे राहिलेले नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलची पातळी ‘डीबीएम’ या एककात दिसते. ४जीसाठी उणे ८० च्या आसपास ती उत्तम आणि उणे १२० च्या आसपास जेमतेम. ट्रायच्या ‘मायस्पीड’ अॅपवरून चाचणी केली तर वेगासोबत ही नोंद प्राधिकरणापर्यंत पोहोचते. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आपल्या गावाच्या चारही वाटांवर दर शंभर पावलांना एक नोंद घ्यावी. एकदा उन्हाळ्यात, एकदा पिके उभी असताना. मग ती कंपनीच्या रंगीत नकाशावर ठेवून पाहावी. जेथे रंग आणि आकडा जुळणार नाहीत, तेथे भौतिकशास्त्राचा एक खरा प्रश्न उभा असेल, आणि बहुधा रेंजच्या शोधात टेकडी चढणारा एक माणूसही.